स्पिरिटमधले राक्षस

आमच्या घरी खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाराखडी मी दारूबंदीच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. आंजीजवळच्या आमच्या गावात आई महिला मंडळ चालवायची. नव्वदच्या दशकात सूतकताई शिकायला आलेली एक परदेशी पाहुणी काही दिवस आमच्याकडे राहिली. जाताना तिनं मला शिशाच्या बोटभर मूर्ती दिल्या. पंखवाला ड्रॅगन, शिंगं असलेला दैत्य, काठी टेकणारा जादूगार आणि ढाल धरलेला हाडांचा सापळा. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी नंदी रंगवून सुताराकडे लाखेच्या पॉलिशमध्ये कालवलेला रंग उरला होता. तोच मी त्यांना फासला. ड्रॅगनचे खवले त्या थराखाली बुडून गेले.

कॉलेज संपवून दोन हजार सालानंतर गावी परतले आणि त्यांना नीट रंगवायचं ठरवलं. लाखेचा रंग स्पिरिटनं सुटतो. सुताराकडून पॉलिशच्या स्पिरिटची बाटली आणली आणि चौघांना स्टीलच्या डब्यात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दात घासायच्या जुन्या ब्रशनं ड्रॅगन घासला, तर मानेवरचा खवला न् खवला उघडा पडला. इतकं बारीक काम त्या रंगाखाली होतं हे मला माहीतच नव्हतं. बाकीचा रंग सुटायला तो परत डब्यात टाकला.

दारूबंदीच्या जिल्ह्यात लोक स्पिरिटही पितात, हे ठाऊक होतं. पण मी काही पिणार नव्हते, मग लपवू कशाला?

त्याच आठवड्यात मंडळानं घरोघर झडती घ्यायचं ठरवलं. पत्रक मी लिहिलं. ‘पहिली झडती आमच्याच घराची. सापडेल ते रस्त्यावर ओतू. सबब ऐकणार नाही.’ सगळा डोळा समोरच्या काकूच्या मागच्या खोलीवर होता. मोहाची दारू तिथंच उतरते, असा सगळ्यांना संशय होता. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याची बाटली आईनं आधी एकदा चारचौघांत फोडली होती. काकूनं निरोप धाडला, “पयले तुमचं घर पाहू, मंग माह्या कुलपाले हात लावजा.”

झडतीला ती सगळ्यांच्या पुढं होती. थेट माझ्या टेबलाशी आली आणि डब्याचं झाकण उचललं. वास खोलीभर झाला.

“हे काय वं?”

“रंग काढाचं स्पिरिट हाय, काकू. मूर्ती हायेत त्याच्यात.”

“असं का! माहा बुढाबी म्हने, पाय चोळाले आनलं.” बाया हसल्या. “त्याचं फोडलं. पोरीचं काय गंगाजल हाय?”

“जाऊ द्या ना वो, खेळनं हाय तिचं,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी आईकडे वळले.

“आई, सांग ना तू,” मी म्हणाले. “काल तूच विचारलं ना, कायचा वास येऊन राह्यला म्हनून.”

“मले माहीत हाय. पत्रक कोनं लेह्यलं?”

“मीनं.”

“मंग वत. रस्त्यावर.”

दारू आणि रंगाचं सामान यांत फरक न करणारा नियम मूर्ख आहे, असं मी आजही म्हणते. पण तो नियम मोडायचा तर माझ्यासाठी मोडायचा नव्हता. माझी सबब चालली असती, तर पुढच्या प्रत्येक घरात एकेक सबब तयार होती आणि आईला गावात तोंड उघडायला जागा उरली नसती.

डबा घेऊन मी बाहेर गेले आणि रस्त्यावर पालथा केला. तांबूस स्पिरिट धुळीत पसरलं. ड्रॅगन अर्धा सोललेला, तोंडावर पडला. बाटलीही उपडी केली. आता कोणी हसत नव्हतं.

“झालं आमचं,” आई काकूला म्हणाली. “चाल.”

काकू हलली नाही. धुळीतल्या त्या मूर्तींकडे पाहत राहिली. बाया तिच्या दाराकडे वळल्याही होत्या. मला वाटलं, आता ही भांडण उकरून काढणार, आणि माझं ओतणं फुकट जाणार.

तिनं कमरेची किल्ली काढली.

“बुढ्याले मारू नोका,” ती हळूच म्हणाली. “बिमार हाय तो.”

“नाई मारत कोनी,” आई म्हणाली.

मागच्या खोलीचं कुलूप काकूनं स्वतःच्या हातानं उघडलं.