नोलीनची साक्षीदार

गव्हाच्या शेतांमधल्या त्या छोट्या गावात नोलीनला शिष्ट म्हणायची चालच पडली होती. शाळेची बस ती वर्षानुवर्षं चालवत आलेली. पोरं तिच्यावर जीव टाकायची, पण मोठ्यांच्या घोळक्यात बाईच्या तोंडाला कुलूप. त्यात चार वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला तिनं कहरच केला. विधीनंतर गावातल्या बायका चर्चच्या हॉलमध्ये सँडविचेस आणि चहा मांडतात आणि घरच्यांनी तिथं थांबून येईल त्याचं सांत्वन ऐकायचं असतं. नोलीन थांबलीच नाही. तडक आतल्या स्वयंपाकघरात गेली आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत कपबशा धूत बसली. तेव्हापासून थोरली बहीण बेव्हर्ली, म्हणजे बेव्ह, तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

मग रेडिओवर ऑटिझम असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं नोलीननं ऐकलं आणि तिला वाटलं, ही तर माझीच कहाणी सांगतेय! एकसष्टाव्या वर्षी तिनं तपासणी करून घ्यायचं ठरवलं. "आता या वयात कशाला?" असं विचारणारे निघालेच. या वयात नाही तर काय मेल्यावर करायची?

पण मानसतज्ज्ञ टीगन म्हणाली, "तुम्हाला लहानपणी जवळून पाहिलेलं कुणीतरी बोलायला हवं. त्याशिवाय मला खात्रीनं सांगता येणार नाही."

असं माणूस एकच उरलं होतं. नोलीन घाबरतच बेव्हच्या दारात उभी राहिली आणि टीगनशी बोलायला येशील का, असं तिनं विचारलं.

"काय सांगू मी तिला?" बेव्ह फणकारली. "आई गेली तरी तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, हे सांगू?"

"सांग की. खरं असेल ते सगळं सांग."

बेव्ह आली. पर्स मांडीवर घट्ट धरून टीगनसमोर बसली आणि आधी तुटक, मग भरभरून बोलू लागली.

"शेतीच्या जत्रेत बँड वाजायला लागला की ही केकच्या टेबलाखाली शिरायची. मी पुढ्यात बसून टेबलक्लॉथ खाली ओढून धरायचे. कुणी विचारलं तर बेधडक सांगायचे, नोलीन घरी गेली. आई म्हणायची, तिला गर्दी सोसत नाही, तू सांभाळ तिला..."

बेव्ह बोलता बोलता थांबली आणि बहिणीकडे वळली.

"अगं, आईच्या अंत्यविधीला स्वयंपाकघरात पळालीस, तेव्हाही तू टेबलाखालीच शिरली होतीस की! आणि मी चार वर्षं तुझ्यावर डूख धरून बसले."

पुढच्या महिन्यात टीगननं निकाल सांगितला. हो, ऑटिझमच. नोलीन आधी हसली, मग ढसाढसा रडली. जन्मभर स्वतःला दूषणं देऊन दमलेला जीव तो, त्याला केवढं हलकं वाटलं!

"म्हणजे मी शिष्ट नव्हते," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"थोडी होतीसच. सगळं त्याच्यावर ढकलू नकोस."

बेव्हनं सवयीनं हात पसरले आणि तशीच थबकली.

"मिठी मारू की नको?"

एकसष्ट वर्षांत हे तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"नको," नोलीन म्हणाली, आणि बेव्हला राग आला नाही.