वीस टेपांचा किलोमीटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच – कारण ज्यांच्याबद्दल आहे ते तिचे वडील. आता का सांगतोय? गॅरेजमध्ये गाडी उभी आहे, तिच्यावर कापड आहे, आणि कापड काढलं की आधी स्पीडोमीटरच दिसतो. एवढंच म्हणता येईल.

सासूबाई गेल्यावर नाना पिंपरीहून आमच्याकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये राहायला आले. सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, मोजमाप तपासण्याची. दुसऱ्याने बनवलेला भाग बरोबर की चूक, हे ठरवणारा माणूस. रोटोटुनातल्या आमच्या घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉल मोजला आणि नकाशापेक्षा दोन सेंटिमीटर कमी आहे, असं जेवताना जाहीर केलं. मेधा म्हणाली, "नाना, आता काय भिंत सरकवायची?" तर म्हणाले, "सरकवू नका. पण माहीत असू द्या."

तेव्हा माझी गाडी अर्धवट होती. फायबरची बॉडी, जुन्या सेडानचं इंजिन, दोन सीट – तीन वर्षं रेंगाळलेला हौशी पसारा. नाना स्वेटर आणि पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा अवतारात गॅरेजमध्ये आले, आणि आठवड्याभरात मी माझ्याच गाडीचा मदतनीस झालो. पाना माझ्या हातात, आकडा त्यांच्या तोंडी. हीटरजवळ चिवड्याचा डबा. बाहेर वायकाटोचं धुकं. असे दोन हिवाळे गेले. मी काही चुकवलं की ते म्हणायचे, "जावईबापू, साधारण हा शब्द भाजीतल्या मिठासाठी. इथे नाही."

किती दिवसांनी हे शब्द लिहितोय.

शेवटचं काम स्पीडोमीटरचं. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी तपासणी होते, आणि तिथला नियम साधा – मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. आमचा मीटर इलेक्ट्रॉनिक. मागच्या अ‍ॅक्सलवर दात्यांची चकती, तिच्याजवळ सेन्सर, तो दाते मोजतो. एका किलोमीटरला किती दाते जातात, हे मीटरला शिकवायचं. बटण दाबायचं, बरोबर एक किलोमीटर चालवायचं, पुन्हा बटण दाबायचं. झालं. फक्त गाडी पुढे चाललीय की मागे, हे त्या सेन्सरला कळत नाही. दाता गेला की मोजला.

हे मला नानांनीच दोनदा बजावलं होतं. "एकदा बटण दाबलं की मागे यायचं नाही. यावं लागलं तर पहिल्यापासून."

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेतात गायी न्यायची लांब, सरळ वाट होती. त्याने वापरायला दिली. नानांनी पन्नास मीटरची स्टीलची टेप आणली होती – पिंपरीहून आणलेली, चामड्याच्या पिशवीतली. मी शून्याचं टोक धरायचं, त्यांनी ओढत पुढे जायचं, खडूची रेघ मारायची, आणि खिशातल्या जुन्या कागदी पाकिटावर पेन्सिलने एक खूण करायची. वीस टेपा. सकाळ गेली त्यात. दोन्ही टोकांना लाल रिबीन बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. शेतकरी जाताना ओरडला, "काही हरवलं का, मेट?" नाना ऐटीत म्हणाले, "नो लॉस्ट. मेझरिंग!" त्यांचा चेहरा तेव्हा... जाऊ दे.

दुपारी ते पलीकडच्या खुंटीपाशी उभे राहिले. मी बटण दाबून निघालो. वाट मध्ये उतरते, तिथून पलीकडचं टोक दिसत नाही. नेमक्या तिथेच गायी आल्या – दुधाची वेळ झालेली, सगळा कळप फाटकातून वाटेवर. शेतकऱ्याने हात केला, "बॅक अप अ बिट, मेट!" मी गाडी मागे घेतली. विजेच्या एका खांबापासून मागच्या दुसऱ्या फाटकापर्यंत – पन्नास मीटर असेल. गायी गेल्या. "स्वीट अ‍ॅज!" – म्हणजे झकास – म्हणून तो गेला. आणि मी तेवढंच पुन्हा पुढे आलो.

मला कळलं होतं. त्याच क्षणी. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

शेवटच्या खुंटीशी बटण दाबलं. नाना खिडकीशी वाकले. "उशीर का झाला?"

"गायी होत्या. थांबलो."

"नुसते थांबलात ना? मागे नाही ना घेतलीत?"

"नाही, नाना."

का? भूक लागली होती. बारीक पाऊस सुरू झाला होता. परत सुरुवातीला जायचं, पुन्हा यायचं – अर्धा तास. अर्ध्या तासासाठी.

दुसऱ्या दिवशी तपासणीस शेजारी बसला, उपग्रहावरून वेग दाखवणारं यंत्र घेऊन. खऱ्या पंचावन्नला आमचा मीटर पन्नास दाखवत होता. नापास. तो हसून म्हणाला, "तुमचा किलोमीटर जरा लांब झालाय, मेट." नाना बाजूलाच उभे होते. त्यांनी मनात हिशेब केला, मला दिसलं. शंभर मीटर जास्त. म्हणजे दोन टेपा.

परतताना ते खिशातलं पाकीट काढून त्यावरच्या खुणा बघत बसले. मग म्हणाले, "टेपा तुम्हीही मोजत होतात का हो?"

मी मोजत होतो. प्रत्येक टेपेला, मनातल्या मनात. वीस झाल्या होत्या.

"नाही. तुमच्यावरच सोडलं होतं," मी म्हणालो.

ते एवढंच म्हणाले, "उद्या परत मोजू."

आणि मी काय केलं? संध्याकाळी दूध आणायला डेअरीत जातो सांगून शेतावर गेलो आणि दोन्ही खुंट्या उपटल्या. खडूच्या रेघा पावसाने धुतल्याच होत्या. नानांना सांगितलं, शेतकऱ्याने काढून टाकल्या असतील, आता राहू दे, मी फोनवरचा वेग बघून आकडा बसवतो. बसवला. आठवड्याने गाडी पास झाली. नाना आले नाहीत.

गाडी मागे घेतली होती का, हे त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. जावयाने एकदा नाही म्हटलं की नाही. त्या पिढीचा तो रिवाज. दोघांपैकी एकावर संशय घ्यायचा तर त्यांनी स्वतःवर घेतला.

पुढच्या महिन्यात मेधाला स्वयंपाकघरात फळी लावायची होती. नानांनी टेप माझ्यापुढे धरली. "तुम्ही घ्या माप. माझं आता धरू नका." मेधा घाबरली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा – तसलं सगळं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. नाना घरी येऊन मला म्हणाले, "उत्तम काय, शेतात तर चुकलोच ना." मी तेव्हाही बोललो नाही. मेधा त्यांच्या गोळ्या डबीत भरून ठेवू लागली, आणि त्यांनी भरू दिल्या. गॅरेजमध्ये ते येत, बसत, चिवडा खात. आकडा कधी सांगितला नाही. चार वर्षं.

ते गेल्यावर टेप माझ्याकडे आली. चामड्याच्या पिशवीत घडी घातलेलं ते पाकीट होतं. पेन्सिलच्या खुणा, पाच-पाचच्या चार जुड्या. त्यांच्याखाली, नंतर कधीतरी, पेनाने लिहिलेलं – २२? आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

खुंट्या माझ्या बाकाखाली आहेत. रिबिनींसकट.

वीस झाल्या होत्या. वीसच.