एकोणीस नंबरचा हेडफोन

बाळांनो, घोडेगावजवळच्या आपल्या शाळेला तुम्ही माजी विद्यार्थी नवे हेडफोन पाठवताय, आणि कपाटावर कॅमेरा लावा असंही सुचवताय. पार्सल निघायच्या आत हे लिहिते आहे, कारण कॅमेऱ्याचं काम तिथे एकदा मी केलेलं आहे.

निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी तिथे मुलांना इंग्रजी ऐकवायला जाते. संगणक खोलीत वीस हेडफोन. प्रत्येकावर चिकटपट्टीने नंबर, कपाटात त्याच नंबरचा हुक, प्रत्येक मुलाचा नंबर ठरलेला. कुठला चांगला, कुठला बिघडलेला, हे माझ्या वहीत. किल्ली मात्र खोली झाडणाऱ्या मावशींकडे. त्या कंत्राटावर.

एका शनिवारी एकोणीस नंबर उजव्या बाजूने बंद निघाला. वहीत त्याच्यापुढे 'उत्तम' लिहिलं होतं. चांगला हेडफोन बाहेर गेला आणि भंगार आत आलं, असं माझ्या मनाने घेतलं. दोन शनिवार मी मावशींच्या पिशवीवर नजर ठेवली. त्या हसल्या तरी मला त्यात काही दिसायचं. तिसऱ्या शनिवारी मुख्याध्यापकांना सांगून मोकळी झाले.

त्यांनी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "झडती घ्या माझी. पर कारण मी न्हाई सांगायची."

"मग सोमवारपासून येऊ नका."

दारात एकोणीस नंबरची मुलगी उभी होती. "सर, मीच मावशीला पट्ट्या बदलायला लावल्या. सात नंबरवालीला तिच्या हेडफोनात एकाच बाजूनं ऐकू यायचं, म्हनून तिचा मी घेतला. माझा उजवा कान लहानपनापासून बंदच हाय. पोरं बहिरी म्हनतील, म्हनून मावशीला शपथ घातली."

मला तेही खरं वाटेना. तो हेडफोन उलटा करून, चालू बाजू उजव्या कानावर येईल असा, मी तिला घातला. आवाज वाढवत गेले आणि तिचा चेहरा निरखत राहिले. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मग सात नंबर तपासला. दोन्ही बाजू चालू.

"मावशी, मला तरी सांगायचं."

"बाई, तुमच्या वहीत खाडाखोड चालती व्हय?"

कॅमेरा पाठवू नका.

मावशींची नोकरी राहिली. अजूनही दर शनिवारी खोलीतून निघताना त्या न सांगता माझ्यासमोर पिशवी उलटी करून दाखवतात. मी नको म्हणते. त्या दाखवतात.