खो-खोच्या खांबाला कुंकू

आधी चहा घेऊन टाका, कारण पुढचे ऐकाल तर कप हातातून सुटेल! आयुष्यभर देवळात उभा राहून लोकांना शहाणपण सांगितले. पण माझा हा पराक्रम मी एकाही कीर्तनात सांगितलेला नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. चिखली तालुक्यातल्या एका गावी मी मराठीचा शिक्षक होतो आणि एकादशीला कीर्तन करीत असे. म्हणून मोठी माणसे मला बुवा म्हणत. ऐन हंगामात खेळाच्या शिक्षकांची बदली झाली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावले.

"बुवा, खो-खोचा संघ तुम्ही निवडा. तालुक्याचे सामने पंधरा दिवसांवर आले."

"साहेब, मी जन्मात कोणाला खो दिलेला नाही!"

"पोरं तुमचं ऐकतात ना? तेवढं पुरे."

ऐकतात! तेच तर नडले हो!

पहिल्या सकाळी मैदानावर पाहतो तो काय? दोन टोकांना दोन उघडेबोडके खांब. कार्यारंभी पूजन नको? मी दोघांनाही हळदकुंकू वाहिले, हार घातले, नारळ फोडला. मुलांनी खोबरे खाल्ले आणि खेळ सुरू झाला. पाठलाग करणारा मुलगा खांबापर्यंत धावे आणि त्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूने परते. कसे प्रसन्न दृश्य!

आणि एकाएकी माझ्या अंगावर काटा आला. नववीतला गंगाधर खांब डाव्या हाताला ठेवून सुसाट वळला. उलटी प्रदक्षिणा! तीही नुकत्याच पुजलेल्या खांबाला!

"थांब! देवाला डावीकडे ठेवून फिरतात का रे?"

"गुरुजी, गडी तिकून पयाला. मग मी इकून काऊन जाऊ?"

"देव उजव्या हाताला राहील असाच वळ. नाहीतर वळूच नकोस!"

"तवरिक गडी घरी जाऊन जेवून येईन ना, गुरुजी!"

मुले खदखदून हसली. मी मात्र वही उघडली. तीत मी खेळाडूंचे गुण मांडत असे: नमस्कार, शिस्त, प्रदक्षिणा. होय, प्रदक्षिणा! गंगाधरपुढे ठसठशीत शून्य लिहिले आणि शेरा दिला, "धर्माची जाण नाही." सर्वांत चपळ पोर राखीव झाले. तो मान खाली घालून रेषेबाहेर जाऊन बसला. निवडलेल्या नऊ जणांना मी पंधरा दिवस घोटून घोटून शिकवले: खांब उजव्या हाताला असेल तरच वळायचे, डाव्या हाताला आला तर हात जोडून माघारी फिरायचे.

सामन्याच्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही चिखलीस पोहोचलो. मैदान मोकळे पाहून मी तिथल्या खांबांनाही हळूच कुंकू लावले. विघ्न नको!

विघ्न? अहो, विघ्न तर मीच होतो!

प्रतिस्पर्ध्यांना आमची रीत कळायला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्यांचा खेळाडू नेमका उलट्या बाजूने खांबाला वळसा घाली आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा राही. आमचा मुलगा खांबाशी येई, थांबे आणि हात जोडी!

"ये ना बे! काऊन थांबला?"

"तिकून याले गुरुजींची मनाई हाये!"

सारे मैदान हसून लोळू लागले. पंच शिट्टी वाजवायचे विसरले. एवढे आज्ञाधारक शिष्य देवा, कोणाला देऊ नकोस!

पहिल्या डावात आम्ही एकच गडी बाद केला, तोही हसता हसता पडला म्हणून. दुसऱ्या डावाआधी मी धावत राखीव मुलांकडे गेलो.

"गंगाधर, उतर बाळा!"

"पण गुरुजी, उलटं फिरा लागलं त?"

"फीर! तिरका फीर, आडवा फीर! देवाची समजूत मी काढतो!"

आणि तो काय फिरला म्हणता! डावा नाही, उजवा नाही, नुसते वारे. त्याने एकट्याने पाच गडी टिपले. तरीही आम्ही एका गड्याने हरलो. एकाच! पहिल्या डावात तो असता तर? परतीच्या एसटीत एकही मूल मला दोष देईना; त्याने तर जीव आणखीच शरमला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मारुतीच्या देवळात गेलो. देवाची समजूत काढायची होती, शिवाय त्या पोराची क्षमा कशी मागावी हे सुचत नव्हते. डोळ्यांपुढे त्याचे तेच वळणे. प्रदक्षिणेच्या वाटेने चालत होतो, मनाशी गुण मांडत होतो आणि गाभाऱ्याच्या मागच्या कोपऱ्यावर समोरून येणारे कोणीतरी माझ्या छातीवर धाडकन आदळले.

गंगाधर! आंघोळ केलेला, कपाळाला शेंदूर आणि मारुती रीतसर उजव्या हाताला.

मी चपापून पाहिले. माझा मारुती डाव्या हाताला होता.

गंगाधरने वाकून नमस्कार केला आणि अगदी गंभीरपणे विचारले, "गुरुजी, वही आनली काय? शून्य मी लिहू, का तुम्हीच लिहिता?"