सहापैकी पाच

मी फौजदार होतो तेव्हा आमच्या रत्नागिरीच्या घरात, बैठकीच्या खोलीत, गजाननाच्या तसबिरीशेजारी एक जाड कागद चौकट करून टांगलेला असे. त्यावर वीतभर रुंद काळं वर्तुळ आणि त्या वर्तुळात पाच बारीक भोकं. येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष आधी गजाननाकडे गेलं तर मी जरा खट्टू होई. मग मीच विषय काढायचा. सहा गोळ्या, वीस पावलं आणि त्यातल्या पाच आत! पाहुण्यांनी ‘वा!’ म्हणावं, मी ‘त्यात काय विशेष’ म्हणावं आणि आतून चहा यावा, असा तो कार्यक्रम ठरलेला होता. चहा घेऊन येताना माझी बायको कागदाकडे बघायचीसुद्धा नाही. तिला तो पाठ झाला होता.

ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या सुमाराची. ज्या पिस्तुलाने मी हा पराक्रम केला ते नेहमीच्या सरकारी बनावटीचं नव्हतं. बंदरावर एका परदेशी खलाशाच्या पेटीत ते सापडलं आणि सरकारजमा झालं. मुख्यालयात रिव्हॉल्व्हरांची टंचाई होती, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. फ्रेंच बनावट. तळहातात मावेल एवढंसं, पण स्वभावाने हट्टी. दुसऱ्या पिस्तुलांत घोडा एकदा मागे ओढून ठेवला की पुढे चापाला नुसतं बोट लावायचं काम उरतं. ह्याला ती सोयच नव्हती. गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप नळीत येई खरं, पण आतली कळ ताणायची आणि सोडायची, हे सगळं काम दर गोळीला चापाकडे, म्हणजे माझ्या एका बोटाकडे. चाप जड यायचा, लांबवर यायचा आणि नेमका कुठे सुटेल ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

अशा पिस्तुलाने नेम साधायचा तर डोळ्यापेक्षा बोट शहाणं लागतं. विहिरीतून भरलेली कळशी वर घेताना दोर एकसारखा ओढावा लागतो, मध्येच हिसका दिला की निम्मं पाणी परत विहिरीत. चापाचंही तसंच. तो ओढत राहायचा आणि गोळी आता सुटेल, मग सुटेल, असा विचारच करायचा नाही. ती सुटली की आपल्यालाच जरा नवल वाटलं पाहिजे. हे ज्ञान माझं स्वतःचं. दर वर्षी चांदमारीच्या, म्हणजे खात्याच्या नेमबाजीच्या परीक्षेच्या, आधी मी शिपायांना समोर उभं करून तासभर हे सांगत असे. कोणी जांभई दिली की माझं डोकं फिरायचं. माझा राग सगळ्या पोलीस लाइनीत प्रसिद्ध होता आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता.

चांदमारी व्हायची गावाबाहेरच्या कातळावर, दिवाळीच्या आधी. जांभ्या दगडाचा उंच बांध, त्याच्या अलीकडे पुरुषभर खोल खड्डा. खड्ड्यात बसलेल्या माणसाने निशाणाचा कागद लावलेली चौकट वर ढकलायची, नेमबाजाच्या गोळ्या संपल्या की खाली ओढायची, भोकांभोवती पेन्सिलीने खुणा करायच्या आणि कागद वर पाठवायचा. पिस्तुलासाठी आम्ही वीस पावलांवर येत असू, पण चौकट तीच आणि खड्डाही तोच.

खड्ड्यातला माणूसही दर वर्षी तोच. आमचे हवालदार. गुहागरकडचे, बुटके, अंगाने काटक. तीस वर्षं बंदुकांच्या आवाजात काढल्यामुळे दोन्ही कानांनी अधू झालेले. मोठ्या बंदुकीचा बार त्यांना छातीत कळायचा, माझ्या पिस्तुलाची फटफट मात्र बहुधा कळतच नसावी. ही गोष्ट घडली त्या वर्षी चांदमारीच्या वेळी त्यांच्या पेन्शनीला चार महिने उरले होते. गावच्या घरावर गवताचं छप्पर होतं, पेन्शन सुरू झाली की तिथे कौलं चढवायची, एवढंच त्यांचं स्वप्न. ते त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

त्या वर्षी पाऊस लांबला. भाद्रपदात मी काडतुसांचा डबा उघडला तर पितळेवर हिरवट डाग आलेले. आता ह्यावर इलाज काय? आमच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज. कुलूप अडलं, लावा खोबरेल. बिजागरी कुरकुरली, लावा खोबरेल. पोराचं डोकं तापलं, थापा टाळूवर खोबरेल. मी ओटीवर बसलो, वाटीत तेल घेतलं आणि एकेक काडतूस बोटाने चोळून, पुसून, पुन्हा चोळून लखलखीत केलं. रोज संध्याकाळी, चांगले आठ दिवस.

बायको म्हणाली, “अहो, दिवाळी लांब आहे अजून. आत्तापासूनच अभ्यंग कसलं घालताय त्यांना?”

मी म्हटलं, “तुला त्यातलं काही कळत नाही.”

मलाही कळत नव्हतं. काडतुसाच्या बुडाशी जी एवढीशी टिकली असते, ठिणगी तिच्यात असते. कडेच्या फटीतून तेल आत झिरपलं की ती मरते. हे मला पुढे शस्त्रागाराच्या कारागिराने सांगितलं, आणि सांगताना तो हसू दाबत होता.

चांदमारीच्या दिवशी जिल्ह्याचे नवे पोलीस साहेब हजर. विलायतेहून आलेले, तरुण, कमी बोलणारे. इन्स्पेक्टरची एक जागा रिकामी होती आणि ती मला मिळणार असं सगळे धरून चालले होते, मी सर्वांत जास्त. साहेब माझ्या उजव्या अंगाला, दोन हातांवर येऊन उभे राहिले. मी छाती भरून श्वास घेतला आणि पिस्तूल उचललं.

पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं ‘खट’ झालं. पण त्या ‘खट’च्या आधी माझ्या हाताने काय केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पिस्तुलाचं तोंड सपकन खाली गेलं, चांगलं चार बोटं. कोणीतरी मनगटावर चापट मारावी तसं. एरवी गोळी सुटते तेव्हा धक्क्याने हात वर उडतो, आणि त्याच्या आधी काय घडलं ते त्या धक्क्यात झाकून जातं. ह्या वेळी झाकायला काही नव्हतं. मी पुन्हा चाप ओढला. पुन्हा ‘खट’, पुन्हा तोंड खाली. शिपायांना तासभर जे करू नका म्हणून सांगायचो तेच मी करत होतो, आणि किती वर्षं करत होतो कोण जाणे.

साहेबांनी ते पाहिलं. मी ते मेलेलं काडतूस काढून टाकलं. चौथी गोळी सुटली. पाचवी ‘खट’. हात पुन्हा खाली. माझे कान गरम झाले. सहाव्या गोळीला मात्र मी थांबलो. बोट चापावर ठेवलं आणि खरोखर विहिरीवर उभा असल्यासारखा ओढत राहिलो. ती सुटली तेव्हा मी दचकलो.

म्हणजे गोळ्या सुटल्या चार.

चौकट खाली गेली. जरा वेळ लागला. मग हवालदार स्वतःच कागद घेऊन खड्ड्यातून वर आले, ताठ उभे राहून सलाम केला आणि कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी भोकं मोजली. मग पुन्हा मोजली, ह्या वेळी बोट ठेवून.

पाच होती.

मी कागदाकडे पाहिलं आणि मग हवालदारांकडे. त्यांच्या कानावर पेन्सिल खोचलेली होती. माझ्या पिस्तुलाची गोळी जेवढी जाड, तेवढीच ती पेन्सिल. मला एका क्षणात सगळं उमगलं. भिंतीवरचा कागद, गजाननाशेजारची चौकट, पाहुण्यांचे ‘वा’ आणि चहा. मग संताप आला, असा की त्या म्हाताऱ्याला तिथेच झोडपावंसं वाटलं.

साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, “हे तुम्हाला ठाऊक होतं?”

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. ते खरं होतं, सोपं होतं, आणि त्याने माझी इन्स्पेक्टरची जागाही कदाचित वाचली असती. हवालदारांची पेन्शन मात्र गेली असती. सरकारी कागदावर खोटी खूण करणाऱ्याला बडतर्फीखेरीज दुसरं काही नव्हतं, नोकरीच्या तिसाव्या वर्षीसुद्धा नाही. ते समोर ताठ उभे होते, नजर सरळ. त्यांना प्रश्न ऐकूही आला नव्हता. आपल्याबद्दल काय चाललंय हे ज्याला कळतच नाही, अशा माणसाविरुद्ध बोलायला जीभ रेटेना.

मी म्हटलं, “होतं, सर. मीच सांगितलं होतं तसं करायला.”

मी काही हरिश्चंद्राचा किंवा कर्णाचा अवतार नव्हतो. दर वर्षी आपल्याच हवालदाराने आपल्याला बनवलं, हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा स्वतः लबाड ठरणं मला त्या घटकेला सुसह्य वाटलं. हेही त्यात होतंच. पण हवालदारांचं ते गवताचं छप्परही माझ्या डोळ्यांपुढे होतं. दोन्हीतलं काय किती होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

साहेबांनी चौकशी लांबवली नाही. इन्स्पेक्टरची जागा दुसऱ्याला गेली. पिस्तूल शस्त्रागारात परत गेलं. माझी रवानगी कचेरीत, जुन्या कागदांच्या दप्तरात झाली, तिथे कसर आणि मी असे दोघेच. हवालदारांना लेखी समज मिळाली आणि चार महिन्यांनी पेन्शन. घरी आल्यावर मी भिंतीवरची चौकट उतरवली. बायको बघत होती. तिने गजानन सरकवून मधोमध टांगला.

वैशाखात सरकारी कामाने गुहागरला जाणं झालं, तेव्हा वाकडी वाट करून मी हवालदारांच्या गावी गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. माझी बढती मी त्यांच्यासाठी सात-आठ वर्षं तरी मागे ढकलली होती. आणि त्यांनी तरी दर वर्षी ती भोकं कोणासाठी पाडली? माझ्यासाठीच ना? रागीट असलो तरी म्हाताऱ्याचा माझ्यावर जीव असला पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती. दप्तरात बसून बसून ती चांगली घट्ट झाली होती.

घरावर नवी कौलं होती, लालभडक. हवालदारांनी मला ओटीवर बसवलं, शहाळं फोडून दिलं. त्यांचे कान आणखी गेले होते. त्यामुळे जे मला हळू विचारायचं होतं ते ओरडून विचारावं लागलं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

“दर वर्षी माझ्या खऱ्या किती लागायच्या?”

“जाऊ दे वो साहेब. आता कशाला?”

“सांगा!”

त्यांनी जरा विचार केला. “आदीच्या सालांना एकपण नाय. ह्या खेपेला एक लागली. आपली आपण. खालून बघत व्हतो ना मी, शेवटाला भोक पडलेलं दिसलं. मंग मी चारच पाडली.”

मला इतका आनंद झाला की हातातलं शहाळं हिंदकळलं. एक! जिच्यासाठी मी थांबलो होतो तीच. त्या आनंदाच्या भरात मी पुढचा प्रश्न विचारला. माझ्यावर एवढी माया होती का, म्हणून.

हवालदार मनापासून हसले. “माया कसली वो! तुमच्या आदीचे फौजदार नापास झाले, तर त्यांनी पोरांना पंदरा दिवस कातळावर भर दुपारचं पळवलं. दोघं तापाने पडले. तवाच आमी सगळ्यांनी ठरवलं, फौजदार कोण का असंना, त्याला नापास होऊ द्यायचा नाय. तुमी खूश तर पोरं सुखी.”

ते वाईट हेतूने बोलत नव्हते, एखाद्याने पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते. मला वाईट वाटत होतं, पण त्यात त्यांचा काही दोष दिसेना. मग मी शेवटचं विचारलं, आणि ह्या वेळी माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

“पण मला कोणीतरी सांगायचं होतंत! हात खाली जातो, एवढं एक वाक्य. मी सुधारलो असतो.”

“सांगितलं की,” हवालदार म्हणाले. “दुसऱ्या साली. नवीन लागलेला पोरगा व्हता एक, भोळा. परेड सुटल्यावर तुमच्या म्होरं जाऊन बोलला, साहेब, चाप वडताना तुमचा हात खाली जातो. तुमी त्याला आठ दिस उनात हुबा केलात, बंदूक डोक्यावर धरून. मंग तो नोकरी सोडून मुंबईला गेला, गिरणीत.”

त्यांनी त्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कोणाचा मुलगा तेही सांगितलं. मला आठवावं म्हणून त्याचा चेहरा कसा होता, तो चालायचा कसा, हेसुद्धा सांगितलं. मी आठवतंय अशी मान हलवली. मला तो मुळीच आठवत नव्हता.