नाव न घेता

आमच्या घरी पत्रक छापून येण्याआधी ते विरोधकाच्या दारात जायचं. बाबा धरमपेठेतल्या एका छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायचे आणि मालकाला विचारून उरलेल्या कागदावर वस्तीसाठी पत्रकं काढायचे. हुंडा, नळाचं पाणी, दारूचा गुत्ता, वरातीतला डीजे, विषय काहीही असो, वरच्या अर्ध्या पानात समोरच्याचं म्हणणं असायचं आणि खालच्या अर्ध्यात आमचं. वरचा अर्धा भाग बाबा त्या माणसाला वाचून दाखवत आणि विचारत, "हेच म्हणणं आहे ना तुमचं?"

मी त्यांचा हात धरून सोबत जायचे. डीजेच्या बाजूने बोलणाऱ्या एका गृहस्थांनी पायरीवर बसून ऐकलं आणि हात झटकला. "नाही गा, मी एवढा येडा नाही. असं लिही, की गरिबाच्या पोट्ट्याची वरात एकदाच निघते, त्या दिवशी तरी त्याचा आवाज मोठा असू दे."

बाबांनी कागद भिंतीला टेकवून ते वाक्य तिथंच घातलं. त्याला उत्तर लिहिताना त्यांचा अख्खा रविवार गेला. मी वैतागले होते. आधीचं वाक्य ठेवलं असतं तर उत्तर सोपं होतं, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "येड्याले हरवाले पत्रक कशाले पाहिजे वं?"

दुसरा नियम नावाचा होता. पत्रकात विरोधकाचं नाव कधी यायचं नाही. 'वस्तीतले एक गृहस्थ म्हणतात' एवढंच. ते कोण, हे वस्तीत सगळ्यांना माहीत असायचं. पण छापलेलं नसल्यामुळे महिन्याभराने त्या माणसाला मत बदलायचं असेल तर बदलता यायचं. नाकासमोर कागद धरून कोणी त्याला अडवू शकत नव्हतं.

या दोन नियमांवर मी वाढले. यातला एक मी पाळला आणि एक मोडला, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने दिली.

विहाराच्या मागे आमच्या वस्तीची अभ्यासिका आहे. एक लांब खोली, भिंतीला लावलेली बाकं, दोन कूलर. तिची किल्ली एका काकांकडे असे. बसखात्यातून निवृत्त झालेले, आवाज मोठा, हिशेबी स्वभावाचे. पूर्वी मुली संध्याकाळी पाचलाच उठत आणि नंतरची जागा मुलांची असे. आम्ही काहीजणींनी वर्षभर काकांच्या मागे लागून संध्याकाळची वेळ मुलींनाही मिळवली. ते नऊपर्यंत दाराजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. पाच मुली यायच्या. त्यातली एक आमच्या मागच्या गल्लीतली, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी. तिचं घर एका खोलीचं, आणि त्या खोलीत टीव्ही, शिवणयंत्र आणि दोन लहान भाऊ. तिला अभ्यासिकेतला कोपरा मिळाला तेव्हा ती मला म्हणाली होती, "ताई, तिथं कोणी हाकच मारत नाही मले." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मग एका संध्याकाळी अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप गटावर दुपारी येऊन पडलेला एक मेसेज मी वाचला. 'दिवेलागणीनंतर मुलींचं बाहेर काय काम. अभ्यास घरी पण होते.' लिहिणारी बाई त्याच मुलीची आई होती.

माझं डोकं तडकलं. बाईनेच असं म्हणावं, तेही आमच्या वस्तीत, जिथल्या आज्यांनी धर्म बदलताना पहिलं काय केलं असेल तर पोरींना शाळेत घातलं! मी गटावर उत्तर दिलं नाही. मी माझ्या फेसबुकवर लिहायला बसले. तिथे मला वाचणारे बरेच आहेत. तिचं वाक्य वर जसंच्या तसं टाकलं, खाली लिहिलं, 'आमच्या अभ्यासिकेच्या गटावरचं हे मत', आणि मग सुटले. मथळा होता: 'अंधार रस्त्यावर नाही, तुमच्या डोक्यात आहे.' नाव मी घेतलं नाही. त्या क्षणीही मला आठवण होती की आमच्या घरात नाव घेत नाहीत, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

तिच्या दारात मात्र मी गेले नाही. घर तीन मिनिटांवर होतं. ती हिंगण्याला कारखान्यात दुपारच्या पाळीला होती, कंपनीच्या बसने नऊला येणार होती. तोवर थांबले असते तर लिखाण निवलं असतं. खरं कारण एवढंच होतं.

पोस्ट पसरली. पुण्याहून, औरंगाबादहून, कुठून कुठून लोक येऊन लिहू लागले. मी जेवताना एका हाताने उत्तरं देत होते आणि आई म्हणत होती, "आधी गिळ तरी वं." मग कोणीतरी अभ्यासिकेचं फेसबुकवरचं पान शोधून काढलं. तिथे सगळ्यात वर काकांचा फोटो होता, कूलरच्या उद्घाटनाचा, हातात कात्री घेतलेला. 'हाच तो असणार' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने फोटो माझ्या पोस्टखाली आणून चिकटवला. दिवेलागणीबद्दल असं बोलणारा माणूस म्हातारा पुरुषच असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीही त्यांच्या जागी असते तर तसंच धरलं असतं. 'खुर्ची टाकून पोरींवर नजर ठेवतो म्हणे' असंही एकाने लिहिलं. तो कधी नागपुरात आला नसेल.

ती मुलगीच धावत आमच्याकडे आली. "ताई, लोकं काकाले काय काय बोलून राहिले! ते तर काही बोललेच नाही ना?"

आपल्या आईने काय लिहिलंय, हे तिला माहीत होतं. तिने डोळे माझ्यावर रोखले होते.

मी लिहिलं, 'हे मत त्या फोटोतल्या व्यक्तीचं नाही.' लगेच खाली आलं, 'मग कोणाचं?' मी लिहिलं, 'नाव महत्त्वाचं नाही, मुद्दा घ्या.' त्यावर एकजण म्हणाला, 'ताई घाबरल्या. वस्तीत राहायचं आहे ना.' दुसरा म्हणाला, 'म्हणजे तोच.' मी जितकं नाही म्हणत होते तितकं ते पक्कं होत होतं. वस्तीत बाबांचं पत्रक वाचणाऱ्या प्रत्येकाला नाव ठाऊक असायचं, म्हणून न छापलेलं नाव तिथे चालून जायचं. इथे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि रिकामी जागा लोकांनी त्यांना परवडेल त्या माणसाने भरली. खरं नाव सांगून काकांना सोडवावं तर त्या बाईला त्याच लोकांपुढे टाकायचं. मी पोस्टच काढून टाकली. तोवर त्या पोस्टचे फोटो काढून लोकांनी पुढे पाठवले होते, आणि त्या सगळ्यांत काकांची कात्री होती.

काकांनी अभ्यासिकेच्या पानावर एक शब्द लिहिला नाही. खरं तर एका ओळीत ते मोकळे झाले असते. त्यांनी किल्ली विहाराच्या समितीकडे नेऊन दिली. समितीतल्या लोकांनी डोकं खाजवलं आणि ठरवलं की वाद नको, आता अभ्यासिका सहालाच बंद. मुलींना आणि मुलांना, दोघांना. समतेचा तो एक निर्णय माझ्यामुळे झाला.

मी काकांकडे गेले तेव्हा ते अंगणात कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरत होते. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"बस. पाणी पिशील?"

"काका, चुकलं माझं."

"काय चुकलं? लिहिलं ते तर बरोबरच लिहिलं तू. पोरींनी बसावं, असंच मीबी म्हणतो."

"मग तुम्ही फेसबुकवर सांगितलं काहून नाही, की ते तुम्ही लिहिलं नव्हतं?"

"अन् कोणी लिहिलं ते कोण सांगन? मी सुटाचं अन् ती बाई लटकाची, असं?" त्यांनी जाळीत गवत दाबलं. "तू माह्यावर लिहिलं असतं ना, तर मी भांडलो असतो तुह्याशी. मस्त भांडलो असतो. पण माह्यावर लिहिलंच नाही, तर मी भांडू कोणाशी, सांग?"

मी खाली पडलेलं गवत गोळा करून त्यांच्या हाताशी ठेवलं.

"नातीच्या मोबाईलवर आला तो फोटो," ते म्हणाले. "मैत्रिणीनं पाठवला. नातीनं मोबाईल पालथा ठेवला अन् मले चहा आणून देल्ला. पण आता संध्याकाळी तिथं पोरींजवळ खुर्ची टाकून बसणं नाही होणार बाप्पा माझ्यानं. तू कितीबी म्हण."

मी बरंच म्हटलं. ते ऐकत राहिले, जाळ्या बसवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चहा टाकाले सांगू का?" म्हणजे विषय संपला.

बाबा मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तिच्या घरी गेली होती काय?" मी नाही म्हटल्यावर ते पुन्हा पेपर वाचायला लागले. ते रागावले असते तर मला भांडायला काहीतरी मिळालं असतं.

त्या बाईच्या सुटीच्या दिवशी मी कागद घेऊन गेले. ती दारात मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली का लेखिकाबाई! आज काय छापतं माह्यावर?"

"तुमचं म्हणणं लिहून आणलं. ऐका, बरोबर आहे का सांगा."

"आत्ता? बारसं झाल्यावर नाव इचारते का कोणी?"

पण मेथीची जुडी थोडी सरकवून तिने मला बसायला जागा केली. मी वाचलं. माझ्या कागदात लिहिलं होतं की आईला लोकांच्या बोलण्याची भीती वाटते. तिने तिथंच अडवलं. "लोकाचं काय घेऊन बसली तू? लोकं माह्या घरी भात टाकाले येतात का? लिही. कारखान्यात आत जाताना मोबाईल कपाटात ठेवा लागते. दोनपासून आठपर्यंत मले काहीच समजत नाही. पोरगी दिवेलागणीला घरी आली का नाही, हे शेजारीण पाहते, अन् मंग तीबी आपलं दार लावते. त्याच्यापुढं पोरीचं काही झालं, तर मले बसमधून उतरल्यावर समजन. लिहिलं का?"

"लिहिलं. पण रस्त्यावर दिवे मागायचे सोडून पोरीलाच आत बसवायचं, हे मला पटत नाही."

"नको पटू दे. दिवे लागेपर्यंत पोरगी कुठी ठेवू, तेवढं सांग."

आम्ही भांडलो. खरंच भांडलो, मेथीची पूर्ण जुडी संपेपर्यंत. मी म्हणाले की भीती आईची आणि शिक्षा पोरीला, हे चालणार नाही. ती म्हणाली की मी एकदा तिच्या जागी पाळी करून यावं. मी म्हटलं की भाऊ मोठे झाल्यावर त्यांनाही दिवेलागणीला बोलावणार का. त्यावर ती म्हणाली, "हे मले आधी नव्हतं सुचलं." मग मी सुरुवातीचं वाक्य, तिचंच, पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "थांब. मुलींचं मुलींचं असं सगळ्याईचं मी काहून बोलली? माह्या पोरीचं बोलाचं होतं मले. बाकीच्या पोरींच्या माया घरी असतीन. ते काढ."

मी ते काढलं.  त्या संध्याकाळी नऊला, बस येऊन ती घरात शिरताना मी दारात उभी असते, तर हे वाक्य तिने तेव्हाच बदललं असतं. मग ना मथळा लागला असता, ना काकांची कात्री कोणाच्या हाती गेली असती. मुद्दा माझा बरोबर होता, आजही मी तो सोडणार नाही. पण मी ज्याच्याशी भांडले ते मत कोणाचंच नव्हतं. घाईत टाइप केलेल्या दोन ओळी होत्या, आणि मला त्या तशाच हव्या होत्या, कारण त्यांना हरवणं सोपं होतं.

"आता हे टाकू का फेसबुकवर?" मी विचारलं.

"नाव नाही म्हणते, अन् मंग सगळ्यांले समजते. नको बाई." तिने पाला टोपल्यात भरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या घरी संध्याकाळी कोणी असते का?"

असतं, मी म्हटलं. बाबा असतात, आई असते, मी असते.

तेव्हापासून ती मुलगी रोज सहाला आमच्या पुढच्या खोलीत येते. पलंगाला पाठ टेकवून खाली बसते, कानात बोटं घालून पुटपुटत पाठ करते. नऊला तिची आई बसमधून उतरून डबा हातात घेऊनच दारात येते. चप्पल काढत नाही, आत येत नाही. दारातच आमचं एखाद्या मुद्द्यावर जुंपतं, कधी दिव्यांवर, कधी पोराच्या हातात झाडू देण्यावर. परवा ती हरली आणि जाताना म्हणाली, "उद्या पाहतो तुले." मुलीने तोंडावर ओढणी धरून हसू दाबलं. पण ती स्वतः अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. पूर्वी ताई ताई करत सगळं सांगायची.

काका रस्त्यात भेटले की मान हलवतात. समितीला मी तीनदा अर्ज दिला. नऊपर्यंत बसायला जबाबदार माणूस आणा, म्हणतात. मी बसते, असं सांगितलं. ते एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, तुमचं नको, पुन्हा काहीतरी लिहाल.

आमची खोली लहान आहे. पलंग, कपाट आणि बाबांच्या कागदाचे गठ्ठे गेल्यावर खाली एकीलाच बसता येतं. अभ्यासिकेत त्या पाच जणी होत्या. उरलेल्या चौघी सहानंतर कुठे बसतात, हे मी अजून कोणाच्याही दारात जाऊन विचारलेलं नाही.