पिंजरा नको, असं समृद्धीचं मत

महाळुंगे पडवळजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत इंद्रायणीबाई चौथीला मत मांडायला शिकवायच्या. नुसतं 'मला वाटतं' लिहून भागत नसे. "का वाटतं ते लिहा. ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. मुलं हौसेनं लिहायची. मधली सुट्टी मोठी हवी, खिचडीत वाटाणा नको.

त्या वर्षी ओढ्याकडच्या उसात बिबट्याची मादी दिसली. बाईंनी विषय दिला, पिंजरा लावावा का? समृद्धीनं लिहिलं, 'पिंजरा नको. तिनं अजून कुणाला काही केलेलं नाही. तिला नेलं तर तिची पिल्लं आपल्याच उसात उपाशी फिरतील.' बाईंना ते इतकं आवडलं, की वस्तीच्या बैठकीत त्यांनी तिला वाचायला उभं केलं. पोरीचा आवाज खणखणीत. टाळ्या पडल्या. पिंजरा मागवायचं मागं पडलं.

थोड्याच दिवसांनी वस्तीवरची म्हातारी साळुबाई गवताला गेली ती परतली नाही. उसाच्या कडेला आधी तिचा विळा सापडला, मग ती.

मग पिंजरा लागला, मादी सापडली. पिल्लांचं ओरडणं मात्र उसातून येत राहिलं.

शाळेला कुणीच बोल लावला नाही, आणि तेच बाईंना सोसेना. ऊस सळसळला की त्या वर्गाची खिडकी लावून घेत. भर दुपारी फळ्यावर लिहिताना मागं कुणीतरी गवताचा भारा टेकवल्यासारखं वाटे. वळून पाहावं, तर फक्त मुलं. समृद्धी लिहीनाशी झाली होती. एकदा तिनं विचारलं, "बाई, मी पटवलं नसतं तर साळुआजी असती ना?"

शाळा सुटल्यावर तिला घेऊन बाई साळुबाईच्या घरी गेल्या. मुलगा भिका ओट्यावर बसला होता.

"भिकाभाऊ, हिला मी उभं केलं होतं. चूक माझी."

भिकानं सरकून पोरीला ओट्यावर जागा करून दिली. "टाळ्या मी बी वाजवल्या व्हत्या, बाई. आई मागंच बसली व्हती. उसात रोज जानार तीच. पर तिला कुनी इचारलंच न्हाई. घरी आल्यावर म्हनली, मला लई भ्या वाटतं."

आता बाई मत लिहून घेण्याआधी मुलांना घरोघर पाठवतात. ज्याला सोसायचंय, त्याला आधी विचारून या. समृद्धी पुन्हा लिहू लागली, पण मोठ्यानं वाचत नाही.

परवा वर्गातली श्रेया एका आजीला विचारायला गेली आणि लगेच परत आली. "आजी काय बोललीच न्हाई, बाई."

"मग परत जा," बाई म्हणाल्या. "तिच्याजवळ बसून राहा."